त्रेचाळिसाव्या पानावरची सहावी ओळ

मित्रांनो, मी एक जुनी वही आहे. दोनशे पानी, लांबट, पाठीला लाल कापड. चेन्नईतल्या गिंडीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. हजेरीपट व्हायचं माझं नशीब होतं, पण रकाने वाकडे छापले गेले आणि मी किरकोळ विक्रीला आले. अशा रीतीने, एका चुकीमुळे, मी विद्वान झाले.

मला विकत घेतलं ते प्राध्यापक शेषाद्री राव यांनी. तंजावूरकडून चेन्नईत आलेलं मराठी घराणं. घरी मराठी, रस्त्यावर तमिळ आणि वर्गात इंग्रजी, असा त्यांचा तीन खात्यांचा कारभार. विषय लोकप्रशासन. म्हणजे सरकारी कचेरी कशी चालवावी याचं शास्त्र. शेषाद्री स्वतः कुठल्याच कचेरीत नोकरीला नव्हते, त्यामुळे त्यांचा अभ्यास निःपक्षपाती होता.

माझ्या पहिल्या सव्वाशे पानांत त्यांनी परीक्षेला लागणारं सगळं लिहून काढलं आणि वर्गात ते सांगू लागले. सांगू लागले म्हणजे, ते वाचत आणि मुलं उतरवून घेत. स्वल्पविरामसुद्धा उच्चारून सांगत. एकतीस वर्षं हे चाललं. पुढे माझ्या झेरॉक्स निघाल्या, मग फोनवर फिरणाऱ्या प्रती निघाल्या. मला पाठ केलेली मुलं स्पर्धा परीक्षा पास होत आणि जिल्ह्याजिल्ह्यांत खुर्चीवर बसत. एका सत्कारात कुणीतरी म्हणालं, की अर्धं राज्य रावसरांची वही चालवते. मला तेव्हा फार अभिमान वाटला होता. आज ते आठवलं की पानं मिटून घ्यावीशी वाटतात.

माझी उरलेली पानं वेगळी आहेत. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात शेषाद्रींना एक शिष्यवृत्ती मिळाली आणि ते वर्षभर सहा देशांतली विद्यापीठं बघत हिंडले. लोकप्रशासन जगात कसं शिकवतात, हा अभ्यास. मीही पिशवीतून हिंडले. एका थंड देशात विद्यार्थ्यांना पहिलं सत्रभर कचेरीच्या खिडकीच्या आतल्या बाजूला बसूच देत नसत, बाहेर अर्जदारांच्या बाकावर बसवत. आफ्रिकेतल्या एका विद्यापीठात एक वयस्क बाई शिकवायच्या. त्यांचं एक वाक्य शेषाद्रींनी उभ्या उभ्या माझ्यात टिपलं होतं: ‘समोरच्या माणसाला आधी नाव विचारा, ते ऐका, मग कागद वाचा.’ परत आल्यावर हे वर्गात सांगायचं त्यांनी ठरवलं होतं. पण अभ्यासक्रमात त्याला जागा नव्हती, आणि जे परीक्षेत येत नाही ते सांगणं म्हणजे मुलांचा वेळ खाणं. मागची पानं मागेच राहिली. त्यांचा रंग अजून पांढरा आहे, यावरून काय ते समजा.

आता मुख्य गोष्ट. शेषाद्रींना दोन मोठ्या बहिणी. थोरली राजसबाई, त्यांच्याच घरी राहणारी. मधली त्रिपुरसुंदरी, लग्न होऊन क्वालालंपूरला गेलेली. दोघी ऐंशीच्या आसपास. दर रविवारी फोनच्या पडद्यावर भेटत. त्यात एकीला दुसरीचं अर्धं कपाळ आणि वरचा पंखा दिसे. गेल्या वर्षी पंख्याजागी दवाखान्याचं छत दिसू लागलं. सुंदरीनं एकच धरलं: “अक्का, एकदा येऊन जा. मग मी अस्की सोसीन.” अस्की म्हणजे सगळं. तंजावूरच्या मराठीत या शब्दाखाली काहीही मावतं.

राजसबाई जन्मात देशाबाहेर गेली नव्हती. पासपोर्ट काढायला घेतला तेव्हा उघडकीला आलं, की तिच्या ओळखपत्रावर नाव ‘राज सबै’ असं पडलंय. लिहिणाऱ्याचाही दोष नाही. मराठी कान नसलेल्या माणसाला राजसबाई म्हटलं की तेच ऐकू येणार. तमिळमध्ये सबै म्हणजे सभा. चेन्नईत मार्गशीर्षात गाण्याच्या कचेऱ्या, म्हणजे मैफली, भरवणाऱ्या सभा गल्लोगल्ली आहेत. त्यांत ही आणखी एक.

नाव दुरुस्तीचा अर्ज तालुका कचेरीत गेला. तीन आठवड्यांनी शेरा मारून परत आला: ‘राज सबै ही संस्था असल्याचे दिसते. नोंदणी प्रमाणपत्र व पदाधिकाऱ्यांची यादी जोडावी.’

राजसबाई हसून हसून खोकली. “लिही ना यादी,” ती भावाला म्हणाली. “अध्यक्ष मी, खजिनदार मी. गाणं मात्र कोणाला येत नाही.”

दुसऱ्या दिवशी भाऊबहीण कचेरीत गेली. मी नेहमीप्रमाणे पिशवीत होते. राजसबाईला बाहेर बाकावर बसवून शेषाद्री आत गेले, तर खुर्चीवर सौम्या. त्यांची लाडकी विद्यार्थिनी, विद्यापीठात पहिली आलेली. ती ताडकन उठली, सरांना खुर्ची दिली, कापी, म्हणजे कॉफी, मागवली. मला पिशवीतून डोकावताना बघून तिनं मला डोळ्यांना लावलं. इथवर सगळं छान होतं.

शेषाद्रींनी काम सांगितलं. राज सबै ही माझी सख्खी बहीण आहे, सभा नव्हे, बाहेर बसली आहे, आणि मलेशियात दुसरी बहीण आजारी आहे, वेळ थोडा आहे.

सौम्याचा चेहरा पडला. पण आवाज वर्गातल्यासारखा स्वच्छ होता. ती तमिळमध्ये म्हणाली, “सर, मला माहीत आहे. पण तुम्हीच सांगितलंत ना, अधिकाऱ्याला व्यक्तिशः माहीत असलेली गोष्ट हा पुरावा नव्हे.”

पान त्रेचाळीस, वरून सहावी ओळ. एका अक्षराचा फरक नाही. मित्रांनो, ओळ वाईट नाही हो. साहेबांच्या मेव्हण्याला रांग मोडू देऊ नये म्हणून ती लिहिली होती. पण तिच्या पुढे काय करावं, हे मागच्या पानांत होतं, आणि मागची पानं सौम्याला कुणी दिलीच नव्हती. बाहेर बाकापर्यंत पंधरा पावलं होती.

शेषाद्रींनी मला उघडून तिच्यासमोर ठेवायला हवं होतं. त्यांचा हात माझ्या पाठीवर आलाही. मग त्यांच्यातला शिक्षक जागा झाला. मुलीनं अचूक उत्तर दिलं होतं. लेकीला म्हणावं तसं ते म्हणाले, “बरोबर आहे, अम्मा,” आणि कापी संपवून उठले.

मग कागद सुरू झाले. राजसबाई ही संस्था नसून व्यक्ती आहे, असं प्रतिज्ञापत्र. ती व्यक्ती तीच आहे, असं दुसरं. तंजावूरहून जन्माची नोंद. ती आली तेव्हा तिच्यात वडिलांचं नाव अपुरं. शेषाद्रींकडे पासपोर्ट होता, ते एकटे जाऊ शकत होते. राजसबाईनंच एकदा म्हटलं, तू तरी जा. ते म्हणाले, दोघं जाऊ, आता किती दिवस लागणार. या शास्त्राच्या प्राध्यापकानं हे म्हणावं, याचं मला अजून नवल वाटतं.

सुंदरी आवणी महिन्यात, म्हणजे आपल्या श्रावण-भाद्रपदात, गेली. बातमी फोनवरच आली. राजसबाईनं आंघोळ केली.

नवव्या दिवशी सौम्या स्वतः घरी आली. दुरुस्तीचा दाखला टपालानं न पाठवता हातानं द्यावा, सरांना बरं वाटेल, म्हणून. नाव अगदी शुद्ध होतं. दाखला देऊन तिनं हौसेनं विचारलं, कधी निघताय मग?

राजसबाईनं तिला शेजारी बसवलं आणि सांगितलं. रागावून नाही, हवापाणी सांगावं तसं. सौम्यानं दाखला उचलून पुन्हा वाचला. मग सरांना म्हणाली, “सर, माझं कुठे चुकलं?”

“तू चुकली नाहीस. तू पाठ केलंस,” शेषाद्री म्हणाले. त्यांनी मला टेबलावर ठेवून मागची पानं उघडली आणि ते आफ्रिकेतल्या बाईंचं वाक्य तिला वाचून दाखवलं. राजसबाईला त्याचं मराठी करून सांगितलं.

ती म्हणाली, “हे कधीपासून आहे तुझ्याकडे?”

“अठ्ठावीस वर्षं, अक्का.”

“मग पोरांला का नाही सांगितलंस?”

परीक्षेत येत नाही, हे उत्तर त्यांना येत होतं. त्याऐवजी पेन घेऊन त्यांनी त्रेचाळिसावं पान काढलं आणि सहाव्या ओळीखाली ते वाक्य लिहिलं. अक्षर माझ्या रकान्यांसारखंच वाकडं आलं. सौम्यानं फोनवर त्या पानाचा फोटो काढून घेतला.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंची रीत आहे, शेवटी आम्ही तुम्हाला सांगतो की आम्हाला जपा, फाडू नका, भिजवू नका. माझं तसं काही मागणं नाही. मला वाळवी लागली तरी चालेल. पण माझ्या हजारो झेरॉक्स राज्यभर पडल्या आहेत, खुर्च्यांच्या मागे, कपाटांवर, माणसांच्या डोक्यात, आणि त्यांच्यावर सहाव्या ओळीखाली अजून काहीच लिहिलेलं नाही. तुमच्यापैकी कुणाच्या घरी, कुणा काकाच्या, आत्याच्या टेबलावर त्यातली एखादी दिसली, तर तेवढं वाक्य तिथे लिहून टाका. जागा आहे. मी मोजून बघितली आहे.