साखर वेगळी

आमच्या कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये चहाचे दोन प्रकार होते. एक सगळ्यांचा, मोठ्या पातेल्यातला. दुसऱ्यासाठी प्राचार्यांच्या केबिनमधून फोन यायचा, "एक चहा पाठव गं, साखर वेगळी." मग मी कपाटातला सोनेरी काठाचा कप काढायची, बशी पुसायची, साखरेचं भांडं ट्रेमध्ये ठेवायची आणि जिना चढायची. कॅन्टीन माझंच आहे. चहा मी चांगला करते, हे मला कुणी सांगायला नको.

केबिनमध्ये प्राचार्यांसमोर कुणीतरी बसलेलं असायचं. कधी बसचा ड्रायव्हर, कधी शिलाईवाली बाई, कधी रात्रपाळीचा वॉचमन. आमचं कम्युनिटी कॉलेज म्हणजे असंच, वय विचारत नाही, आधीचे मार्क विचारत नाही. फाटकावर रंगवलंय, 'दार सर्वांना उघडं'. त्याच्या खाली त्याहून मोठ्या आकड्यात गेल्या वर्षी पास झालेल्यांची टक्केवारी. ती दर वर्षी नव्वदीच्या वरच असायची, म्हणून प्राचार्यांना सगळे पाठीमागे टक्केसाहेब म्हणायचे. तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती.

टक्केसाहेब समोरच्या माणसाच्या कपात स्वतःच्या हाताने साखर घालायचे, दोन चमचे भरून. ते स्वतः बिनसाखरेचा प्यायचे, पोट सुटू नये म्हणून. मग गुडघे कसे आहेत, मुलं काय करतात, झोप होते का, अशी चौकशी. मला वाटायचं, काय देवमाणूस आहे! आपण हा चहा करतो याचा मला अभिमानसुद्धा होता.

तर एके दिवशी फोन आला, मी ट्रे घेऊन वर गेले, आणि समोरच्या खुर्चीत माझी आई बसली होती.

आई सरकारी दवाखान्यात वॉर्डात मावशी आहे. फरशी, बेडपॅन, चादरी. दाराआडून नर्सना बघत बघत तिची अर्धी नोकरी गेली. पन्नाशीच्या उंबरठ्यावर तिने आमच्याच कॉलेजात सहायक नर्सच्या कोर्सला नाव घातलं. तो पास झाली की तिला निळा गणवेश मिळणार होता आणि रोग्याच्या अंगाला हात लावायची परवानगी. एवढंच हवं होतं तिला. सगळं जमत होतं, फक्त औषधाच्या मात्रेचं गणित घशाखाली उतरत नव्हतं.

मी कप ठेवला. आई माझ्याकडे बघून हसली, पाहुणी म्हणून आल्यासारखी. मीही हसले आणि खाली आले.

संध्याकाळी घरी आले तर आई पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकत होती.

"सोडलं मी कॉलेज," ती म्हणाली. "साहेब म्हणाले, एवढी दगदग कशाला, आपणहून थांबा. पुढे कधी वाटलं तर दार उघडंच आहे. किती चांगला माणूस गं! स्वतःच्या हाताने साखर घातली."

"आई, तुला साखर चालत नाही. डॉक्टरांनी बंद केलीय."

"मग काय, एवढ्या मोठ्या माणसाला नाही म्हणू?"

मला वाईट वाटलं, पण राग नव्हता आला. राग आला पुढच्या आठवड्यात. दुसऱ्या कॉलेजांचे तीन-चार प्राचार्य आमची टक्केवारी बघायला आले होते, आणि मी केबिनमध्ये कप मांडत होते. कॅन्टीनवाल्या बाईला कान असतात, हे मोठ्या माणसांच्या लक्षात राहत नाही.

"सोपं आहे हो," टक्केसाहेब म्हणाले. "गणतीच्या दिवशी पटावर जेवढे, तेवढ्यांतले पास किती, एवढंच वरचे लोक बघतात. मग नापास होणारा गणतीआधीच घरी गेला तर तो नापास होईल कसा? हाकलायचं नाही. चहा पाजायचा. आभार मानून जातात."

सगळे खदाखदा हसले. एक जण तर ठसका लागेपर्यंत हसला, आणि त्याला पाणीही मीच दिलं.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्या जिन्यावरून मी किती जणांना माझ्या हातचा चहा पाजून वाटेला लावलं होतं! आणि त्यात माझी आई! मी खाली आले, पातेलं दणकन आपटलं आणि ठरवलं, या माणसाचा आकडा मी पाडणार. फाटकावर चढून रंगाऱ्याला तो खोडावा लागला पाहिजे, आणि खाली उभं राहून मला ते बघायचंय.

गणतीला अजून अवकाश होता. सोडून गेलेल्याला त्या दिवसापर्यंत परत येता येतं आणि त्याला नाही म्हणता येत नाही, हा नियमच आहे. तो कुणी वापरत नव्हता, कारण चहा प्यायलेल्या माणसाला परत यायची लाज वाटते. मी कॅन्टीन दुपारनंतर बंद ठेवायला लागले आणि एकेकाला गाठायला निघाले. केबिनमध्ये बसलेला एकही चेहरा मी विसरले नव्हते. ड्रायव्हरकाकांना डेपोत पकडलं. शिलाईवालीला तिच्या मशीनसमोर. वॉचमन झोपेतून उठून दारात आला, बनियनवर.

"साहेबांनीच सांगितलं होतं ना दार उघडं आहे?" मी प्रत्येकाला म्हणाले. "मग चला की. बघू तरी किती उघडं आहे ते."

पोटातलं खरं मी कुणाला सांगितलं नाही. मला त्यांनी परत यावं, पटावर चढावं आणि दणकून नापास व्हावं, एवढंच हवं होतं.

गणतीच्या आदल्या दिवशी प्रवेशाच्या खिडकीसमोर रांग लागली, ती फाटकाबाहेर गेली. आई सगळ्यांत शेवटी, कारण तिला मी जवळजवळ ओढत आणलं होतं. टक्केसाहेब गॅलरीत आले. खाली बघितलं. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला. मी मुद्दाम ट्रे घेऊन शेजारी जाऊन उभी राहिले.

"चहा आणू का साहेब? सगळ्यांना?"

ते वळून केबिनमध्ये गेले. पण माणूस पक्का मुरलेला. दोन दिवसांत त्यांनी शिक्षकांना कामाला जुंपलं. जादा तास, रविवारी तास, एकेकाला बाजूला घेऊन शिकवणी. बुडत्या आकड्यासाठी त्यांनी कधी नव्हे ती शिकवायची सोय केली. मी कॅन्टीनच्या खिडकीतून बघायची, ड्रायव्हरकाका फळ्यासमोर उभे राहून बरोबर उत्तर लिहितायत आणि वर्ग टाळ्या वाजवतोय. हे लोक पास झाले तर माझं काय? त्याचा आकडा तसाच राहणार, वर हार-तुरे!

घरी आईने पुस्तकं खाली काढली होती. स्वयंपाक झाला की माझ्यासमोर वही घेऊन बसायची. "विचार मला." मी गणितं घालायची. बाटलीत इतकं औषध, रोग्याला इतकं द्यायचं, तर सिरिंजमध्ये किती घेशील? आई बोटं मोडत पुटपुटायची. चुकली की मी लगेच म्हणायची, "चुकलं," आणि पुढचं घालायची. कसं चुकलं ते सांगायची नाही.

एकदा लागोपाठ तीन चुकली. आईने वही मिटली आणि माझ्याकडे बघत राहिली.

"मी चुकले की तुझा चेहरा खुलतो."

"काहीतरीच काय!"

"मी तुला जन्म दिलाय, मला शिकवू नकोस. तुला मी नापास व्हायला हवीय का?"

मग मात्र माझा बांध फुटला. चहा, गणती, ते खदाखदा हसणं, सगळं सांगून टाकलं. तुम्ही नापास झालात तरच तो मातीत जातो, हेही सांगितलं. आईने शांतपणे ऐकून घेतलं. आवाज चढला तो नंतर.

"अक्कल कुठे गहाण ठेवलीस? तो काय म्हणत होता? हे लोक नापासच होणार, म्हणून घरी पाठवा. आणि आम्ही खरंच नापास झालो तर? तो म्हणेल, बघा, मी सांगत नव्हतो? तू त्याला खोटा पाडत नाहीयेस, खरा ठरवतेयस!"

मी मिटलेली वही पुढ्यात ओढली.

"त्याचा सूड मलाही घ्यायचाय," आई म्हणाली. "माझ्या पोटात साखर ओतली त्या माणसाने, आणि मी त्याचे पाय धरायचे बाकी ठेवले होते. पण माझ्या पेपरवर तुझा राग काढू नकोस. आता सांग, हे कुठे चुकलं."

मी सांगितलं. त्या रात्रीपासून खरं शिकवायला लागले. कॅन्टीनमध्येसुद्धा, ग्लासात पाणी मोजून, ड्रायव्हरकाकांना आणि शिलाईवालीलाही त्यांच्या त्यांच्या कोर्सचं गणित. राग तसाच होता, फक्त आता तो कामाला लागला होता.

निकाल लागला. वॉचमन एका विषयात राहिला, तो पुन्हा बसणार आहे. बाकी जवळजवळ सगळे पास. आई पास. मात्रेच्या गणितात वर्गात दुसरी आली, आणि पहिली कोण म्हणून दोन दिवस चौकशी करत होती.

फाटकावरचा आकडा जसाच्या तसा राहिला. प्रमाणपत्रं द्यायला संस्थेच्या अध्यक्षबाई आल्या. टक्केसाहेब कोट घालून शेजारी उभे, चेहऱ्यावर तूप लावल्यासारखे. आईचं नाव आलं. निळा गणवेश तिने आदल्या दिवशीच इस्त्री करून ठेवला होता, तो घालूनच व्यासपीठावर गेली.

"या वयात कसं जमवलंत?" अध्यक्षबाईंनी कौतुकाने विचारलं. माईक समोरच होता.

"काही विशेष नाही बाई," आई अगदी भोळा चेहरा करून म्हणाली. "मला जमणार नाही म्हणून साहेबांनी चहा पाजून घरी पाठवलं होतं. मी परत आले. मग शिकवलं, आणि जमलं."

सभागृह हसलं. तेवढ्यात मागून ड्रायव्हरकाका उभे राहिले. "मलाही पाजला होता." मग शिलाईवाली. "मलाही." मग आणखी, आणखी. उभ्या राहणाऱ्यांची ओळ संपेना. हसू थांबलं. अध्यक्षबाई हसल्याच नव्हत्या. त्या टक्केसाहेबांकडे वळल्या आणि हळू विचारलं, पण माईकने सगळ्यांना ऐकवलं, "हे सगळे पास होणारे होते. मग आजवर तुम्ही घरी कुणाला पाठवत होता?"

टक्केसाहेबांनी माईक बंद करायला हात पुढे केला.

पुढचे चार दिवस अध्यक्षबाईंनी चहा प्यायलेल्या एकेकाला बोलावून सगळं विचारून घेतलं. मग कॅन्टीनचा फोन वाजला. केबिनमधूनच, पण आवाज बाईंचा.

"एक चहा पाठवा. साखर वेगळी."

मी सोनेरी काठाचा कप काढला. बशी दोनदा पुसली. जिना चढताना पाय जमिनीला लागत नव्हते, खोटं कशाला बोलू! साहेबांच्या खुर्चीत अध्यक्षबाई बसल्या होत्या आणि साहेब समोरच्या, त्या दुसऱ्या खुर्चीत. बाई विचारत होत्या, गुडघे कसे आहेत, झोप होते का. त्यांनी भांडं ओढलं आणि कपात साखर घातली, चमचा चमचा, सावकाश.

"आता एवढी दगदग कशाला," बाई म्हणाल्या. "आपणहून थांबा."

साहेब कपाकडे बघत बसले. मला निघायला हवं होतं, पण मी निघाले नाही.

"घ्या ना साहेब," मी म्हणाले. "गार होतोय."

संध्याकाळी आई ड्युटीवरून आली. दिवसभरात चार जणांना इंजेक्शन दिलं होतं, त्यातलं एकही दुखलं नाही म्हणत होती. मी तिला सगळं सांगितलं. तिने निळा गणवेश हँगरला लावला, वळली आणि एवढंच विचारलं,

"साखर किती घातली?"

"तीन चमचे."

"प्यायला?"

"सगळा. बाईंनी संपेपर्यंत उठू दिलं नाही."

आईने मान हलवली. "बरं झालं," ती म्हणाली, आणि आमच्या दोघींसाठी बिनसाखरेचा चहा टाकला.