मुलीला भाऊ आहे, एवढं कळावं

बाइंडरकाका अठ्ठावन्न वर्षांचे होईपर्यंत एकुलते एक होते. मग एका दुपारी मटार सोलता सोलता आई म्हणाली, "तुझ्या बाबांचं आधी एक लग्न झालं होतं. कोर्टात मोडलं."

बाबांना जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. छापखान्यात खिळे जुळवण्यात त्यांचा जन्म गेला. दुसऱ्याचा मजकूर अक्षर न् अक्षर लावायचे, पण स्वतःबद्दल तोंडातून ब्र काढायचे नाहीत. काकांनी आईला खोदून खोदून विचारलं, पण तिलाही पुढचं ठाऊक नव्हतं. मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही, झाकली मूठ राहिली, असं म्हणून तिनं साली गोळा केल्या.

लहानपणी शेजारच्या बहीणभावांची भांडणं काका खिडकीतून बघत बसायचे. आपल्याशीही कुणीतरी असं कडाकडा भांडावं, असं त्यांना वाटायचं. ती जुनी हुरहूर आता पुन्हा डोकं वर काढू लागली. गुरुवारी पुस्तकबांधणीचं दुकान अर्धा दिवस बंद ठेवून ते कोर्टाच्या रेकॉर्ड रूममध्ये जाऊ लागले.

तिथं घटस्फोटांच्या नोंदवह्या वर्षवार लावलेल्या होत्या. आईबाबांच्या लग्नापासून मागं मागं जात काकांनी सहा वर्षं चाळली. बाबांचं नाव कुठंच नव्हतं. शेवटी रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाईंनाच त्यांची दया आली. अर्ज ज्यानं केला त्याच्या नावानं नोंद होते, बायकोनं केला असेल तर नवरा दुसऱ्या रकान्यात सापडेल, असं त्यांनी सांगितलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा. पुढच्याच गुरुवारी नोंद सापडली.

फाइल आली तेव्हा तिची शिवण सुटली होती. पानं इकडची तिकडं होऊ नयेत म्हणून काकांनी परवानगी मागितली, आणि खिशातल्या सुईदोऱ्यानं आधी ती टाचली. मगच वाचायला घेतली.

बाबांचं उत्तर चार ओळींचं होतं. पत्नीला वेगळं व्हायचं आहे, माझी हरकत नाही. मुलगी तीन वर्षांची आहे, ती आईजवळच राहावी. मला महिन्यातून दोनदा भेटू द्यावं.

काका 'मुलगी' या शब्दावर कितीतरी वेळ बोट ठेवून बसले.

हुकूमनाम्यानंतर आणखी तीन अर्ज होते, तिन्ही बाबांच्या अक्षरात. पहिल्यात लिहिलं होतं, की मायलेकी घर सोडून गेल्या, पत्ता मिळावा. दुसऱ्यातही तेच. तिसरा पाच वर्षांनंतरचा, काकांच्या जन्मानंतर दोन महिन्यांनी केलेला. 'माझं दुसरं लग्न झालं आहे. भेटीचा आग्रह आता धरत नाही. मला मुलगा झाला आहे. मुलीला भाऊ आहे, एवढं तरी तिला कळावं, ही विनंती.' खाली शेरा होता, 'पत्त्याअभावी दप्तरी दाखल.'

आणि पत्ता तर त्याच फाइलीत होता! पहिल्या अर्जावर निघालेल्या नोटिशीच्या पाठीमागं, ती बजावायला गेलेल्या बेलिफानं पेन्सिलीनं लिहून ठेवलं होतं, की घरमालकाच्या सांगण्यानुसार बाई नदीपलीकडच्या गावी इस्पितळात नर्स म्हणून गेल्या. ते पान उलटायचं कुणाला सुचलंच नव्हतं. काकांनी चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. रेकॉर्डच्या बाईंनी न विचारता पाण्याचा ग्लास पुढं सरकवला.

काकांनी त्या इस्पितळाला पत्र टाकलं. महिन्याभरानं एका निवृत्त नर्सचं उत्तर आलं. मुलीची आई कधीच वारली होती. मुलगी मात्र त्याच गावात होती, तिची रोपवाटिका होती.

काका नकला घेऊन गेले. सहासष्ट वर्षांची एक उंच बाई मातीनं भरलेल्या हातांनी कुंड्या मांडत होती. कोण, कुठले, ते काकांनी अडखळत सांगितलं. तिनं हात धुतले, स्टूल पुढं केलं, आणि शांतपणे म्हणाली, "त्यांनी कधी विचारलंसुद्धा नाही, असं आई सांगायची."

काकांनी अर्ज पुढं केले. तिनं ते उभ्यानंच वाचले. तिसऱ्याशी ती थांबली.

"हा भाऊ म्हणजे?"

"मीच."

तिनं तो कागद पहिल्यापासून पुन्हा वाचला. मग खाली बसली. "आई वाईट नव्हती," ती म्हणाली. काका म्हणाले, "नसणारच."

तिला बाबांचं काहीच आठवत नव्हतं, शाईच्या वासाखेरीज. तोही खरा की मनाचा, सांगता येत नव्हतं. मग तिनं विचारलं, "त्यांचा आवाज कसा होता?"

काकांनी तोंड उघडलं आणि त्यांना शब्दच सापडेनात. छप्पन्न-सत्तावन्न वर्षं रोज ऐकलेला आवाज, आणि तो कसा होता ते सांगता येऊ नये! परतीच्या बसमध्ये ते मनातल्या मनात बाबांना बोलायला लावत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तिला फोन केला. "जाड होता आवाज," ते म्हणाले. "पण वाक्यातला शेवटचा शब्द गिळायचे. आई नेहमी म्हणायची, अर्धं पोटातच ठेवता."

पलीकडून काहीच ऐकू येईना. फोन लागला आहे ना, म्हणून काकांनी 'ताई' अशी हाक मारली. आयुष्यात पहिल्यांदा.

"माझ्या सुना हसतात मला," ती म्हणाली. "मीसुद्धा शेवटचा शब्द..."

तो तिनं गिळला. काका रिसीव्हर कानाला घट्ट धरून उभे राहिले, आणि म्हणाले, "बोल अजून. काहीही बोल."