चार सुयांचं औषध

पंचायतीच्या सभागृहात भागवत मेंढपाळ सकाळपासून हवामान बदलापासून सुरक्षित होत होता. भिंतीवर 'पशुपालक जोखीम निवारण प्रशिक्षण' असा फलक होता आणि समोर मेहकरहून आलेले गुरांचे तरुण डॉक्टर. हजेरी मोबाइलवर आलेल्या आकड्यांशिवाय लागत नव्हती, म्हणून घरातला एकुलता एक फोन भागवतच्या खिशात होता. बायको रुख्मिणी फोनाविना साठ मेंढ्या घेऊन अर्जुनरावांच्या वावरात गेली होती. ज्वारी निघाली की दरवर्षी कळप तिथंच बसायचा. वावराला खत, मेंढ्यांना धसकटं. आजाच्या काळापासूनचा करार, कागद केला नाही म्हणून टिकलेला.

चहा आला. शेजारी बसलेले अर्जुनराव बशीत फुंकर मारत खुशीत म्हणाले, "भागवत, यंदा तुह्या मेंढ्यायची चंगळ हाये बे. मांगं अवकाळी पडला ना, धसकटं फुटले! वीतभर हिरवे कोंब. पाहून मलेच भूक लागली."

भागवतचा कप तोंडाशी जाता जाता थांबला. पावसानंतर त्यानं ते वावर पाहिलंच नव्हतं. धसकटाचा कोवळा फुटवा म्हणजे विष. उपाशी मेंढी अधाशासारखी खाते आणि बघता बघता पाय ताणते. कळप तिथं पोचून बराच वेळ झाला असणार.

"सायेब!" तो उभाच राहिला. "ज्वारीचा फुटवा खाल्ला तं काय करा लागते?"

डॉक्टरांनी कागद चाळले. "ते जेवणानंतरच्या सत्रात आहे." मग त्यांनी भागवतचा चेहरा पाहिला, कागद टाकले आणि औषधांची पिशवी उचलली.

"साहेब, ग्रुप फोटो राहिला!" मागून कोणी तरी ओरडलं.

मोटारसायकलवर भागवत डॉक्टरांच्या मागं बसला होता. आभाळ निरभ्र होतं, भ्यावं असं त्यात काहीच नव्हतं, आणि त्याचीच त्याला भीती वाटत होती. खिशातला फोन वाजला. रुख्मिणीचा असेल म्हणून त्यानं घाईनं काढला. मग आठवलं, तिचा फोन हाच. संदेश होता: आपली उपस्थिती नोंदवण्यात आली आहे.

वावरात रुख्मिणी पदर खोचून मेंढ्या बांधाबाहेर काढत होती. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता. "अवो, तोंडच काढून नाही राह्यल्या! कुठं होते तुमी?"

अकरा मेंढ्या आडव्या पडल्या होत्या. तोंडाला फेस, बरगड्या भात्यासारख्या हलत होत्या.

डॉक्टरांनी पिशवी उलटी केली. "चार सुयांपुरतंच औषध आहे. शिरेत द्यावं लागेल, आत्ता. कोणत्या चार?"

"गाभण हायेत त्यायले द्या," रुख्मिणी म्हणाली.

"गाभण सहा हायेत," भागवत म्हणाला.

सगळ्यात जवळच्या मेंढीपाशी तो गुडघ्यावर बसला. तिच्या तोंडाकडे न पाहता त्यानं मानेवरची लोकर बाजूला केली. सुई गेली. मग दुसरी, तिसरी, चौथी. पाचवीच्या मानेवरची लोकरही त्यानं बाजूला केली आणि तशीच धरून ठेवली.

डॉक्टर रिकामी बाटली उन्हात धरून पुन्हा पुन्हा पाहत होते.