अध्यक्ष बोलून गेले ते

जमीन हलली तेव्हा नेलिदा चुम्पिताझ लिफ्टमध्ये होती आणि तिच्यासोबत नेमके लवादाचे अध्यक्ष, साल्वातिएरासाहेब. लिमात असल्या धक्क्यांचं कुणाला फारसं काही वाटत नाही. पण लिफ्ट मध्येच अडकली, दिवा गेला.

नेलिदा आमच्या ऑफिसातली सगळ्यात नवी वकील. डोंगरातल्या एका बोगद्यावरून परदेशी ठेकेदार आणि इथली वीज कंपनी यांचं भांडण लागलं होतं; आम्ही ठेकेदाराकडून, आणि आमची सगळी भिस्त आमच्या तज्ज्ञ इंजिनिअरच्या साक्षीवर. सुनावणी चालू असताना लवादातल्या कुणाशी एकट्याने बोलायचं नाही, हे तिला पक्कं ठाऊक. ती दाराकडे तोंड करून उभी राहिली.

"बाई, काहीतरी बोला हो," अंधारात म्हातारा कापऱ्या आवाजात म्हणाला. "बंद जागेत माझा जीव घाबरा होतो."

"मोठे श्वास घ्या, साहेब. येतीलच सोडवायला." तिने चाचपडत पाण्याची बाटली त्यांच्या हातात दिली.

पाणी पिऊन ते बडबडत सुटले. नातवंडं, गुडघे, आणि मग एकदम, "तुमच्या त्या इंजिनिअरवर माझा काडीचा विश्वास नाही." बोलले आणि गपकन थांबले.

बाहेर येताच आमचे थोरले वकील गारिदो यांनी तिला कोपऱ्यात घेतलं.

"काय म्हणाला म्हातारा?"

"घाबरले होते."

"पोरी, तुझं तोंड पांढरंफटक पडलंय. सांग."

"सांगितलं तर काय कराल?"

"कामाचं असेल तर वापरीन. दुसरं काय?"

"मग सगळ्यांसमोरच निघू दे."

"डोकं फिरलंय का? अध्यक्ष गेले तर सगळं पहिल्यापासून! आणि तू घरी."

सुनावणी पुन्हा सुरू झाली. अध्यक्ष बोलतील म्हणून नेलिदा वाट पाहत होती. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. "पुढचा साक्षीदार," एवढंच म्हणाले. गारिदोंनी टेबलाखाली तिचं मनगट दाबून धरलं. मी शेजारीच होतो. मनगट सोडवून घेऊन ती उठली.

"अध्यक्षमहाराज, लिफ्टमध्ये जे बोलणं झालं ते दोन्ही पक्षांना कळायला हवं. आपण सांगता का?"

समोरच्या वकिलांनी लिहिणं थांबवलं. साल्वातिएरांनी चष्मा काढला, पुसला, आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. स्वतःची भीतीसुद्धा. दुसऱ्या दिवशी त्यांनी राजीनामा दिला.

गारिदो तिच्याशी बोलेनात. तिला दुकानांच्या भाडेकरारांवर बसवलं. जेवायला ती एकटीच जायची, आम्हीही भित्रेच. मग दोन्ही पक्षांनी मिळून नवा अध्यक्ष नेमायची वेळ आली, तेव्हा समोरच्यांनी कळवलं: तुमच्याकडून बोलायला चुम्पिताझबाईंना पाठवा.

गारिदो तिच्या टेबलापाशी आले. "चल. तुझ्याशिवाय त्यांना कुणाचं खरं वाटत नाही म्हणे."

"आणि तुम्हाला?"

"मला तुझी धास्ती वाटते," ते म्हणाले. हसले नाहीत.

नव्या अध्यक्षांनाही इंजिनिअरचं म्हणणं पटलं नाही. खटला आम्ही हरलो. त्या संध्याकाळी नेलिदाला मी पहिल्यांदा रडताना पाहिलं. हरायची तिला मुळीच सवय नव्हती.