हाताला सोसेल इतकं गरम

नवी मुलगी डेअरीच्या प्रयोगशाळेत आली आणि दूध एकाएकी सुधारलं.

गाई त्याच होत्या, कॅन तेच होते, टँकर तोच होता आणि टँकर धुणारा माणूसही तोच, तितकाच आळशी. पण नवी तपासायला बसली की जंतू कुठे तोंड लपवून बसत, देव जाणे. कच्च्या दुधाची प्लेट दोन दिवस उबेत ठेवली की तिच्यावर ठिपके उमटतात. एकेक ठिपका म्हणजे जंतूंचं एकेक बिऱ्हाड. नवीच्या प्लेटवर ही बिऱ्हाडं इतकी तुरळक असत, की उजाड गावात जास्त माणसं सापडावीत.

मॅनेजर खूश होते. दूध नापास होत नव्हतं, टँकर अडत नव्हते. प्रयोगशाळेत तीस वर्षं काढलेला मदतनीस, ज्याला सगळे रेडिओ म्हणत, त्याने तर नवीचं बारसंच केलं. तिला तो ‘निर्जंतुकताई’ म्हणू लागला.

मोठ्या मॅडम मात्र खूश नव्हत्या. प्रयोगशाळा त्यांच्या ताब्यात होती. इथून पास झालेलं दूध मुलांच्या दवाखान्यात जायचं आणि ते पास झाल्याची सही त्यांची असायची. नवीला महिनाअखेरीस कायम करायचं की घरी पाठवायचं, हेही त्यांच्याच शब्दावर होतं. आणि त्यांच्या मनात पाल चुकचुकत होती.

“कच्चं दूध इतकं स्वच्छ नसतं हो,” त्या घरी नवऱ्याला म्हणाल्या.

“तीस वर्षं दुधात पाणी शोधलंस,” नवरा पेपरातून डोकं न काढता म्हणाला. “आता माणसांत शोधायला लागलीस.”

“मग ती काय करते ते सांगा.”

“काम करते. तुला सवय नाही बघायची.”

मॅडमनी त्याच्या हातातला पेपर काढून घेतला आणि स्वतः वाचत बसल्या. पण अक्षरांवर लक्ष नव्हतं.

मुलीचं बोलणं साधं, वागणं नम्र. तेही मॅडमना खटकायचं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, पण अति नम्र माणसाच्या गोठ्यात काय असतं ते कुणी सांगून ठेवलेलं नाही. मुलाखतीत तिला शिक्षण विचारलं, तर उत्तरं चोख. सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी, संध्याकाळचं कॉलेज. अनुभव विचारला, तर म्हणाली, “दोन वर्षं पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत होते.” तिथे काय करत होतीस, म्हटल्यावर क्षणभर थांबली आणि म्हणाली, “पडेल ते, मॅडम.” तेव्हा मॅडमना ते आवडलं होतं. आता तोच क्षणभराचा थांबा त्यांच्या डोक्यात खडा होऊन बसला.

त्या पाण्याच्या प्रयोगशाळेत मॅडमची एक जुनी मैत्रीण होती. मॅडमनी फोन लावला.

“मायक्रोबायोलॉजिस्ट?” मैत्रीण हसली. “अगं, त्या नावाची आमच्याकडे एकच होती आणि ती बाटल्या धुवायला. दिवसभर उकळत्या पाण्यात हात आणि संध्याकाळी कॉलेजला धूम. का गं, तुमच्याकडे धुवायला घेतलीस?”

“नाही,” मॅडम म्हणाल्या. “दूध तपासायला.”

फोन ठेवला आणि त्यांना सगळं लख्ख दिसलं. बाटल्या धुणारी पोरगी प्लेट लावायला काय शिकली असणार? प्लेट रिकामीच उबेत ठेवत असेल आणि आकडे मनाने सांगत असेल. की टँकरवाल्यांनी हात ओले केले? दवाखान्यातल्या एका नर्सने मागच्याच आठवड्यात विचारलं होतं, की दूध मुदतीआधी का फाटतंय. तेव्हा मॅडमनी फ्रिजला दोष दिला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांनी नवीने तपासायला घेतलेल्याच कॅनमधलं थोडं दूध गुपचूप बाजूला काढलं आणि आपल्या हाताने प्लेटा लावल्या. दोन दिवसांनी नवीच्या प्लेटवर मूठभर ठिपके होते. मॅडमच्या प्लेटवर जत्रा भरली होती.

रेडिओने दोन्ही प्लेटा पाहिल्या आणि मान हलवली.

“मॅडम, दूध एक आणि जंतू दोन पक्षांचे?”

“तोंड बंद ठेव. तिला कळता कामा नये.”

“माझं तोंड म्हणजे विहीर आहे हो.”

“हो, पण बादली प्रत्येकाच्या हातात आहे.”

चोर रंगेहाथ पकडायचा, असं मॅडमनी ठरवलं. सकाळी त्या काचेच्या दाराआड उभ्या राहिल्या. नवी आली. तिने हात धुतले, टेबल स्पिरिटने पुसलं, बर्नर पेटवला. कॅनमधलं दूध ढवळलं, पिपेटने मोजून प्लेटमध्ये टाकलं. एकही पायरी चुकली नाही. मॅडमच्या स्वतःच्या हातून इतकं नेमकं काम हल्ली होत नसे, त्या गप्पा मारत करायच्या. त्यांचा संशय मात्र कमी न होता वाढलाच. इतकं नीट करते, मग ठिपके जातात कुठे?

नवीने गॅसवरून अगारचा फ्लास्क उतरवला. अगार म्हणजे जंतूंचं खाणं. उकळून पातळ करायचं, निवू द्यायचं आणि प्लेटमधल्या दुधावर ओतायचं. ते थिजलं की जंतू त्यात जागच्या जागी अडकतात आणि वाढतात. किती निवल्यावर ओतायचं, हे या प्रयोगशाळेत हात सांगायचा. थर्मामीटर कधीच फुटला होता आणि नवा मागवायचं कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. मॅडमनीच नवीला पहिल्या दिवशी शिकवलं होतं, “फ्लास्क तळहातावर धर. सहज सोसवेल इतकं झालं की ओत.”

थोड्या वेळाने नवीने फ्लास्क तळहातावर धरला. निवांत धरला, जसं कुणी मांजराचं पिल्लू धरावं. आणि ओतायला लागली.

मॅडम दार ढकलून आत शिरल्या.

“थांब! काय आहे त्या फ्लास्कमध्ये? मला बघू दे.”

“अगारच आहे मॅडम,” नवी दचकली.

“बघू दे म्हटलं ना!”

मॅडमनी फ्लास्क तिच्या हातातून हिसकावला आणि पुढच्याच क्षणी “आई गं!” करून टेबलावर आपटला. बोटं तोंडात गेली.

“अगं, हे तर उकळतंय!”

“नाही मॅडम, निवलंय. मी हातावर धरून पाहिलं की.”

“हातावर? कुणाच्या हातावर?”

नवीने दोन्ही तळहात पुढे केले, शाळेतली मुलगी नखं दाखवते तसे. मॅडमनी पहिल्यांदा ते नीट पाहिले. चेहरा कोवळा होता, पण हात तिच्या आजीचे वाटावेत असे. कातडी जाड, बोटांची पेरं गुळगुळीत. मॅडमनी तिच्या तळव्यावर बोट दाबलं. जणू चामड्याची चप्पल.

मॅडम स्टुलावर बसल्या. फोनवरचं मैत्रिणीचं वाक्य त्यांना आठवलं, पण आता ते वेगळंच ऐकू आलं. दिवसभर उकळत्या पाण्यात हात.

“जंतू मरत होते,” त्या म्हणाल्या. “तू ओततेस त्या अगारानेच त्यांना भाजून काढतेस. प्लेट स्वच्छ येणार नाही तर काय!”

नवीचा चेहरा पांढरा पडला. “म्हणजे दवाखान्यात जे दूध गेलं...”

“ते माझ्या सहीने गेलं. तू आधी खाली बस.”

ती बसली नाही. “मॅडम, मी तिथे बाटल्या धुवायचे. सांगितलं नाही मी.”

“मला ठाऊक आहे.”

“सांगितलं असतं तर तुम्ही घेतलं असतं मला?”

मॅडमनी खोटं बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. “नसतं घेतलं.”

रेडिओ दारात उभा होता, किती वेळ कुणास ठाऊक. तो हळूच म्हणाला, “मॅडम, माझ्या मुलीकडे एक थर्मामीटर आहे, पण तो तापाचा आहे.”

“जा आणि दुकानातून खरा घेऊन ये. आणि वाटेत कुणाला काही सांगू नकोस.”

तो गेला आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या डेअरीला कळलं.

मॅडमनी त्याच दुपारी दवाखान्याला फोन करून, आहे ते दूध वापरू नका म्हणून सांगितलं. नवीने थर्मामीटर बुडवून, अगार खरोखर कोमट झाल्यावर सगळ्या टँकरच्या प्लेटा नव्याने लावल्या. त्या उबेतून बाहेर निघाल्या तेव्हा तिने झाकण उचललं आणि ओरडली, “मॅडम, घाण आली! किती घाण आलीये बघा!”

इतक्या आनंदाने घाणीचं स्वागत कुणी केलेलं मॅडमनी पाहिलं नव्हतं.

मॅनेजरना आनंद झाला नाही. एक टँकर सरळ नापास झाला होता. ते तणतणत आले.

“मॅडम, या मुलीवर तुमचा संशय होता ना? तुमचंच बरोबर होतं. आल्यापासून एकदाही दूध अडलं नाही आणि आज एकदम टँकर परत! तिला काम येत नाही. द्या तिला निरोप.”

मॅडमनी भाजलेल्या बोटांवर फुंकर घातली. मुलगी टेबलाशी पाठमोरी उभी होती. तिचे खांदे ताठ झाले होते. ती सगळं ऐकत होती.

“अडलं नव्हतं तेव्हा काम येत नव्हतं,” मॅडम म्हणाल्या. “आता येतं. तिला कायम करा. आणि तो टँकर धुणारा आहे ना, त्याला आमच्याकडे पाठवा. बाटल्या कशा धुतात ते ही मुलगी त्याला शिकवेल.”

मॅनेजर गेले. नवीने वळून पाहिलं नाही, पण बर्नर पेटवायला तिला तीन काड्या लागल्या.

अगार उकळलं. निवायला ठेवलं. नवीने थर्मामीटर पाहिला आणि म्हणाली, “झालं, मॅडम.”

मॅडम उठल्या, चष्मा पुसला आणि वाकून पारा स्वतः पाहिला.

“झालंय,” त्या म्हणाल्या. “ओत.”