बेहड्यावरचं बिऱ्हाड

गुरुदासने पिटकुळीची लाल कळी पाण्यात बुडवून रवळनाथाच्या उजव्या खांद्यावर चिकटवली, मग दुसरी डाव्या. उजवी आधी पडली तर देवाची परवानगी, डावी पडली तर नाही. त्याच्या मागे गाव हात जोडून उभं होतं आणि सगळ्यांच्या पुढे, इस्त्रीच्या कडक सदऱ्यात, गावच्या मुंबई मंडळाचा अध्यक्ष सुदेश. देवळाला सभामंडप हवा होता आणि मंडपाच्या आड देवाच्या राईतला जुना बेहडा येत होता.

सुदेश आणि गुरुदास एकाच वर्गातले. सुदेश मुंबईला गेला, गुरुदासकडे वडिलांमागून गुरवपण आलं. सुदेशच्या बंद घराची किल्ली वर्षभर गुरुदासच्या खुंटीला असायची. शिमग्याला सुदेश यायचा, किल्ली घ्यायचा आणि गाव कसं सुधारायला हवं ते सगळ्यांना सांगत सुटायचा.

त्या बेहड्याच्या ढोलीत धनेशाची मादी अंड्यांवर बसली होती. गावात या पाखराला गरुड म्हणतात. चोच बाहेर निघेल एवढी फट ठेवून तिने ढोलीचं तोंड आतून लिंपून घेतलं होतं आणि नर दिवसभर फळं आणून तिला भरवत होता. आजूबाजूच्या गावांतल्या देवराया काजूच्या लागवडीत गेल्या होत्या. एवढ्या ढोलीचं झाड हेच उरलं होतं. गुरुदासची मुलगी पूजा कॉलेजातून आली की आधी त्या झाडाखाली जायची, मग घरी.

आदल्या संध्याकाळी ती बापाला म्हणाली होती,

"बाबा, डावी कळी वायच सुकी लाव. आधी पडात. कोणाक कळाचा नाय."

"माका कळतला मां," गुरुदास म्हणाला होता.

आणि आता उजवी कळी पडली.

पूजा बापाकडे न बघता देवळाबाहेर गेली. सुदेशने करवतवाल्यांना खूण केली.

"थांब रे," गुरुदास म्हणाला. "गाऱ्हाणा होवंदे."

राईतलं झाड तोडण्याआधी त्यावर राहणाऱ्याला सांगायचं, ही गावची रीत. नारळ आणि तांदूळ घेऊन तो बेहड्याखाली उभा राहिला. त्याने वर बघितलं आणि नेहमीपेक्षा जरा सावकाश गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा, ह्या झाडार जो कोण रवता, तेणा आपला बिऱ्हाड दुसरीकडे हलवचा. तो जायपर्यंत ह्या झाडाक कोणी हात लावचो नाय."

"व्हय म्हाराजा!" गाव म्हणालं. सुदेशचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

नारळ फोडून गुरुदास तिथेच मुळावर बसला.

"आता बसलंस कित्या? माणसा खोळंबली," सुदेश म्हणाला.

"ती जाऊक होयी," गुरुदासने ढोलीकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात पंखांचा मोठा आवाज करत नर आला. ढोलीच्या फटीतून चोच बाहेर आली, फळ घेऊन आत गेली. सगळ्यांनी माना वर केल्या.

"ह्या गाऱ्हाणा भुताखेतांसाठी असता रे!" सुदेश वैतागला.

"भुताक थांबतत आणि जित्या जिवाक नाय? आतून दार लावन बसली हा ती. आज सांगितला म्हणान आज खंय जातली?"

सुदेशने मानकऱ्यांकडे पाहिलं. मानकरी अजून वरच बघत होते. करवतवाल्याने करवत पोत्यात गुंडाळायला घेतली.

"जातली कधी?" सुदेशने विचारलं.

"पिल्लू उडाक लागला काय जातली."

"मगे फोन कर. थापा नको."

"करतंय," गुरुदास म्हणाला. शब्द तोंडातून गेला.

मे संपता संपता एका सकाळी पूजा धावत आली. ढोलीचं लिंपण फुटून खपल्या मुळाशी पडल्या होत्या आणि पलीकडच्या आंब्यावर तीन पाखरं होती. ती आनंदाने सांगत होती. बापाचा चेहरा बघून थांबली.

"बाबा, आताच फोन करू नको. चार दिवसांत पाऊस लागतलो, मगे करवतवाले येवचे नाय."

गुरुदासलाही तेच हवं होतं. फोन हातात घेऊन तो बराच वेळ पडवीत बसला. मग त्याने सुदेशला फोन लावला.

"गेली रे ती. पिल्लू घेवन. सांगतंय म्हटलेलंय, म्हणान सांगतंय."

पलीकडे टीव्ही चालू होता. तो बंद झाला.

"परत येता ती?"

"दरवर्षी. शिमग्याच्या आधी. ह्याच ढोलीत."

"मगे गेली कसली?" सुदेश भडकला. "माजा घर वर्षभर बंद असता. कोणी पाडल्यान तर माका चलात?"

पूजा बापाच्या कानाशी कान लावून उभी होती.

"मंडप वायच पलीकडे सरकवया. मंडळाक काय सांगूचा ता मी बघतंय," सुदेश म्हणाला. मग जरा थांबून, नेहमीच्या आवाजात, "आणि पावसाआधी घर एकदा उघडून बघ. मागच्या दाराक वाळवी लागली आसतली."

गुरुदासने खुंटीवरची किल्ली काढली.