तीच टेकडी

मॅडमनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उलटा केला आणि शेवटच्या पेपरापासून पुन्हा तपासायला घेतलं. उलट्या क्रमाने तपासल्यावर गुण वाढतात, असं भूगोलात काही सिद्ध झालेलं नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं. पण गोष्ट गळ्याशी आली की माणूस काय काय करून बघतो.

गुण होते तेवढेच राहिले.

नकाशांच्या खोलीत त्या एकट्याच होत्या. भिंतीला टेकवलेल्या नकाशांच्या गुंडाळ्या, कपाटावर धूळ खात पडलेले दगडांचे नमुने, आणि खिळा निसटल्यामुळे एका बाजूला कलून बसलेला पृथ्वीचा गोल. पूर्वी या खोलीत तिघे शिक्षक बसत. एक निवृत्त झाले, दुसऱ्यांनी वेळीच वारा ओळखून दुसरीकडे नोकरी धरली. आता भूगोल विभाग म्हणजे मॅडम, आणि मॅडम म्हणजे भूगोल विभाग.

काही वर्षांपूर्वी वरच्या कार्यालयाने नियम काढला होता. मुलं खरोखर काही शिकतात, हे प्रत्येक विषयाने सिद्ध करायचं. पहिल्या वर्षाला आल्या आल्या एक पेपर द्यायचा आणि तिसऱ्या वर्षाच्या शेवटी तोच पेपर पुन्हा. गुण वाढले तर विषय राहील, नाही तर नवे प्रवेश बंद. इतिहासवाल्यांचे गुण वाढले. रसायनवाल्यांचे तर इतके वाढले की ते कॉलर ताठ करून फिरत होते. भूगोलाचे घटले. मुलं येताना जेवढं घेऊन आली होती, त्यातलंही थोडं मॅडमनी तीन वर्षांत काढून घेतलं, असा त्याचा सरळ अर्थ होता. आणि आज ऑफिस बंद व्हायच्या आत तो अर्थ संगणकावरून वर जाणार होता.

नवऱ्याचा कारखाना गेल्या वर्षी बंद पडला होता. तेव्हापासून सासूबाई सकाळी उठून सुनेचा डबा स्वतः भरत. लग्न झालं तेव्हा याच सासूबाई शेजारणींना सांगत, "आमची सून नकाशे रंगवायला जाते." आता त्या डब्याचं झाकण दोनदा दाबून बघत आणि म्हणत, "सांभाळून जा गं." ते 'सांभाळून' मॅडमच्या कानात दिवसभर राही.

मॅडमनी पुन्हा पेपर चाळले. आणि आता, गुण सोडून उत्तरं पाहिल्यावर, त्यांना काहीतरी खटकलं.

पेपरात नकाशा एकच होता. एकात एक अशी वेडीवाकडी वर्तुळं, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा. त्यावर प्रश्न. हा आकार कशाचा? क उंचावर की ख? पाणी कुठल्या दिशेला वाहील? उतार कुठल्या बाजूला तीव्र? समोर पर्याय, पर्यायापुढे पेन्सिलीने खूण. पहिल्या वर्षी मुलांनी धडाधड खुणा केल्या होत्या. टेकडी, टेकडी, टेकडी. तीन वर्षांनी त्याच मुलांनी पानंच्या पानं कोरी सोडली होती. फक्त उताराच्या प्रश्नाला सगळ्यांचं उत्तर बरोबर होतं, आणि तो प्रश्न पहिल्या वर्षी एकालाही आला नव्हता.

सगळ्यात कोरा पेपर पणतीचा होता. ही मुलगी प्रत्येक वाक्य 'पण मॅडम'ने सुरू करायची, म्हणून वर्गाने तिचं नाव पणती ठेवलं होतं. तिने मॅडमना तीन वर्षं भंडावून सोडलं होतं, आणि मॅडमचा तिच्यावर जीव होता. ती शेजारीच वाचनालयात बसली होती. मॅडमनी तिला बोलावून घेतलं.

"तुला टेकडी ओळखता येत नाही?"

"येते की."

"मग हे कोरं का सोडलंस?"

पणतीने नकाशाकडे पाहिलं, मग मॅडमकडे. मॅडम थट्टा करताहेत की काय, असं तिला वाटलं असावं.

"पण मॅडम, ही टेकडी कशावरून?"

"म्हणजे?"

"रेषांवर आकडेच नाहीत. आतली रेषा उंचावरची असेल तर टेकडी. खालची असेल तर खड्डा. दोन्ही असेच दिसतात. उताराचं कळतं, रेषा जवळजवळ आहेत तिथे चढ जास्त. बाकीचं कसं सांगणार? तुम्हीच म्हणता ना, अंदाज घरी ठेवून यायचं."

मॅडमनी पेपर हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला. मग लांब धरला.

मूळ नकाशातल्या रेषा फिकट तपकिरी होत्या. झेरॉक्समध्ये त्या उमटेनात, म्हणून मॅडमनी पारदर्शक कागद ठेवून काळ्या शाईने त्या एक एक गिरवल्या होत्या. हात जराही हलू न देता. आणि आकडे गिरवायचे राहिले होते. त्या टेकडीवर त्या स्वतः विद्यार्थिनी असताना चढल्या होत्या, पुढे दरवर्षी मुलांना घेऊन चढल्या होत्या, वरच्या सपाट खडकावर बसून डबे खाल्ले होते. त्यांच्या मनात ती टेकडीच होती. तिला आकड्याची गरजच वाटली नव्हती.

"परीक्षेत मला विचारलं का नाहीस?"

"आम्हाला वाटलं, तुम्ही मुद्दाम काढलेत. आम्हाला पकडायला." पणती हसली. "बाहेर आल्यावर सगळे खूश होते. म्हटलं, मॅडमचा डाव बरोब्बर ओळखला."

मॅडमना हसावं की रडावं कळेना. एवढी चांगली तुकडी त्यांच्या हातून याआधी कधी गेली नव्हती. आणि एवढे वाईट गुणही.

"जा तू," त्या म्हणाल्या. "अभ्यास कर."

प्राचार्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. आयुष्यभर वाणिज्य शिकवलेलं, पण त्यांनीही नकाशावर बोट फिरवून पाहिलं आणि मान हलवली.

"पटतंय मला. पण मला पटून काय उपयोग, मॅडम? तिथे एक चौकोन आहे. त्यात गुण भरायचे. कारण भरायला जागाच नाही."

"पेपरच चुकला म्हणून कळवू या ना, सर. चूक माझी आहे, मी लिहून देते."

"द्या. ते म्हणतील, इतकी वर्षं चुकीचा पेपर देणारा विभाग ठेवायचाच कशाला?"

"मग निदान नवा पेपर काढून पुन्हा परीक्षा घेऊ द्या. मुलं येतील. मी बोलावते सगळ्यांना, घरोघरी जाऊन बोलावते."

"पेपर बदलला की तुलना संपली. तोच पेपर हवा." प्राचार्यांनी चष्मा काढून पुसला. मग खिडकीकडे बघत, मॅडमकडे न बघता म्हणाले, "मी काही पेपर तपासत नाही. माझ्याकडे फक्त बेरीज येते."

मॅडम उठल्या.

खोलीत येऊन त्यांनी दार लोटलं. मग खणातून खोडरबर काढला. काही मुलांनी कोऱ्या जागेशेजारी लहान अक्षरात लिहिलं होतं, 'आकडे नाहीत', 'सांगता येत नाही'. ते आधी पुसावं लागलं. मग खुणा. प्रत्येकाची खूण त्यांना पाठ होती. तीन वर्षं त्यांच्या वह्या तपासल्या होत्या. एकाची आखूड, एकीची शेपूट लांबवलेली, एकाची इतकी दाबून की मागच्या पानावर उठावी. मॅडमनी ज्याची तशी केली. टेकडी. टेकडी. टेकडी. आपल्या हाताला हे इतकं छान जमतंय, याची त्यांना शिसारी आली.

मध्ये नवऱ्याचा फोन आला.

"अगं, आई विचारतेय, काय ठरलं?"

"ठरतंय," त्या म्हणाल्या. "आईंना सांगा, काळजी करू नका."

पणतीचा पेपर त्यांनी शेवटी ठेवला होता. तिने फक्त 'आकडे नाहीत' लिहिलं नव्हतं. खाली दोन छोट्या आकृत्या काढल्या होत्या, एक डोंगराची, एक खड्ड्याची, आणि दोन्हींच्या मध्ये प्रश्नचिन्ह. आकृत्या सुबक होत्या, मॅडमनीच शिकवल्या होत्या तशा. खोडताना कागद जरा फाटला.

भूगोलाचे गुण वाढले. रसायनापेक्षाही जास्त. प्राचार्यांनी सभेत मॅडमचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. घरी सासूबाई कितीतरी दिवसांनी मोकळेपणाने हसल्या. पणती निकालानंतर निरोप घ्यायला आली.

"कोर्स वाचला म्हणे, मॅडम!"

"वाचला."

"पण मॅडम, त्या पेपरात कोरं सोडल्याचे गुण दिलेत ना आम्हाला?"

"दिले," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांना दिले."

पणती उड्या मारत जिना उतरली. मॅडम कठड्याला धरून तिथेच उभ्या राहिल्या.

नवं वर्ष सुरू झालं. पहिल्याच आठवड्यात पहिल्या वर्षाच्या मुलांना तो पेपर द्यायचा होता. नियमाप्रमाणे सगळं होतंय ना, हे बघायला वरच्या कार्यालयातून एक साहेब आले होते. ते दारापाशी खुर्ची टाकून बसले. मॅडमनी बाकांमधून फिरत पेपर वाटले. कोऱ्या करकरीत कागदावर तीच वर्तुळं, तीच त्यांनी हात न हलवता गिरवलेली काळी रेघ. मुलांनी पेन्सिली उचलल्या आणि खुणा करायला सुरुवात केली. धडाधड.

खिडकीजवळच्या एका मुलीने मात्र पेन्सिल खाली ठेवली. पेपर थोडा फिरवून पाहिला. मग हात वर केला.

"मॅडम, या रेषांवर उंचीच लिहिलेली नाही."

मॅडमच्या अंगावर काटा आला. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्याच आठवड्यात, काही शिकवायच्या आधीच हे विचारणारं कुणी भेटलं नव्हतं. धावत जाऊन तिच्या पाठीवर थाप मारावी, असं त्यांना वाटलं. नाव विचारावं, नकाशांच्या खोलीत न्यावं, सगळे नकाशे तिच्यापुढे उलगडावे.

दारापाशी साहेबांनी मान वर केली.

"यावर टेकडी आहे की खड्डा, कसं कळणार?" मुलीने पुन्हा विचारलं.

मॅडम तिच्या बाकापाशी गेल्या.

"अंदाजाने लिही," त्या म्हणाल्या.

मुलीने क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग शेजारच्या पेपराकडे एक नजर टाकली, मान खाली घातली आणि टेकडीपुढे खूण केली.